पंचायतीची फायबर बोट आणि आमचे अठ्ठावीस तुकडे : प्रकल्प नोंदी, सांगली

२७ ऑगस्ट २०२४

कुपवाड एमआयडीसीत अण्णांच्या फायबरकामाच्या शेडवर. आलो होतो कॉलेजच्या प्रकल्पाला पाण्याच्या टाकीवर काही विषय मिळतो का बघायला, पण दारातच एक बोट पालथी पडलेली दिसली. कृष्णाकाठच्या एका गावच्या पंचायतीची. २०१९ च्या पुरानंतर घेतलेली, फायबरची (म्हणजे काचतंतूंचे थर रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवून केलेली), तळ साधारण पाच मिलिमीटर जाड. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५). त्यानंतर नदीकाठच्या कितीतरी गावांनी बोटी घेतल्या. पुराचे आठ-दहा दिवस बोटीला उसंत नसते, बाकी वर्षभर ती शाळेच्या मागं पडून असते.

तळावर एके ठिकाणी बारीक भेगांची चांदणी दिसत होती. बाकी घाटाच्या पायऱ्यांवर घासल्याचे ओरखडे. बरोबर आलेले नावाडी काका अण्णांना एवढंच विचारत होते, "पुढच्या पुराला ही न्यायची का न्हाई, ते सांगा. माणसं बसत्यात हिच्यात."

अण्णा म्हणाले, "वरनं पट्टी मारून देतो की." आणि मग माझ्याकडं बघून, "पण आत काय झालंय, हे कॉलेजवाल्यांनीच सांगावं."

मी आणि जोडीदार परत येताना दुचाकीवर एकमेकांशी बोललो नाही. दोघांच्याही डोक्यात तेच चाललं होतं.

३० ऑगस्ट

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विषय मान्य केला, पण अर्धा कापून. "बोट तपासायची नाही. बोटीच्या तळासारखी शीट बनवा, तिला ठोकर द्या, मग वारंवार वाकवा, आणि ठोकरीनं आयुष्य किती घटतं ते मोजा. बोट शेवटी, वेळ उरला तर."

वारंवार वाकवून वस्तू थकत जाते त्या फटीगला पाठ्यपुस्तकात 'श्रांती' लिहिलंय. मी एकदा अण्णांसमोर म्हणून बघितलं. त्यांना वाटलं मी कुणाचं तरी नाव घेतोय. इथून पुढं फटीग.

९ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत वाचन. जे समजलं ते माझ्या शब्दांत:

पोलादी आसाची गोष्ट सरळ आहे. व्होलरनं १८५०-६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर दाखवून दिलं की एका दणक्यात न तुटणारी वस्तू त्याहून बऱ्याच कमी वजनाच्या लाखो हेलकाव्यांनी तुटते. धातूत एक भेग कुठंतरी सुरू होते, वाढत जाते, आणि एक दिवस कडकन् तुकडा पडतो. शेवटपर्यंत वस्तूचा ताठपणा जवळपास तसाच राहतो.

फायबरमध्ये एकच अशी भेग नसते. आधी तंतूंच्या आडवं रेझिन तडकतं, तेही शेकडो ठिकाणी. मग तंतू रेझिनपासून सुटतात, मग थर थरापासून सुटतात, आणि तंतू तुटायला लागतात ते बहुतेक शेवटी. ताठपणा पहिल्या काही हजार फेऱ्यांत भसकन् उतरतो, मग लांबलचक सपाटी येते, शेवटी पुन्हा घसरण. म्हणजे ही वस्तू मरण्याच्या खूप आधी मऊ पडते. बोटीच्या तळावर पाय दिल्यावर तो 'दबतो' असं नावाडी म्हणतात, ते हेच असावं.

एक आकडा मनात ठेवण्यासारखा. चांगल्या काचतंतूच्या लॅमिनेटची (थरावर थर चिकटवलेल्या शीटची) ताकद फेऱ्या दहापट झाल्या की मूळ ताकदीच्या साधारण १० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे दहा लाख फेऱ्यांना ४० टक्के उरते. वाईट लॅमिनेटमध्ये हीच घट १४ टक्क्यांच्या आसपास, मग दहा लाखाला उरतात १६. पवनचक्कीच्या पात्यांसाठी अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षं हजारो तुकडे तोडून हे जमवलंय. आमच्या ढालगावच्या माळावर फिरणाऱ्या पात्यांनाही वीस वर्षांत दहा कोटींच्या वर हेलकावे सोसायचे असतात.

पुराच्या बोटीचं गणित मी मागच्या पानावर केलं: सेकंदाला लाटेचा एक फटका, दिवसाला दहा तास, दहा दिवस. तीन लाख साठ हजार. एका पुरात.

२१ सप्टेंबर

शीट बनवली. अण्णांच्या शेडमध्ये, त्यांच्याच हाताखाली. मॅट (आखूड काचतंतूंची गादी), रोव्हिंग (लांब तंतूंचं जाड कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट. साचा म्हणून मेण लावलेली काच. रेझिन पॉलिस्टर, तेच जे ते बोटीला वापरतात.

अण्णांचा पहिला नियम असा की कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एका कपाटातसुद्धा ठेवायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. त्यांच्या एका जुन्या कामगाराच्या भुवया दोन महिने नव्हत्या.

दुसरा नियम रोलरचा. ब्रशनं रेझिन थापायचं आणि मग खाचांच्या रोलरनं हवा बाहेर ढकलायची, मधून कडेकडे. दिसायला पोळी लाटण्यासारखं सोपं. पहिली शीट आम्ही दोघांनी लाटली. दुपारी उकाडा होता, तिसऱ्या थरालाच डब्यातलं रेझिन दह्यासारखं व्हायला लागलं, आणि आम्ही घाई केली. दुसरी शीट अण्णांच्या कामगारानं लाटली, आम्ही फक्त मॅट कापून दिली. उजेडासमोर धरल्यावर फरक लगेच कळतो. त्याची शीट पातळ चहासारखी स्वच्छ, आमचीत साबुदाणा.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "टाकू नका. तीही ठेवा."

५ ऑक्टोबर

जाळून बघितलं. तुकडा वजन करून ५६५ अंशांच्या भट्टीत ठेवायचा, रेझिन जळून जातं, काच उरते. बाहेर काढल्यावर पांढऱ्या कापसासारखं काहीतरी मिळतं, फुंकर मारली तर उडेल असं. लॅबभर वास, शिपाईमामांची बोलणी खाल्ली. काचेचं आणि रेझिनचं वजन आणि घनता माहीत असली की तुकडा किती घन असायला हवा होता ते निघतं. प्रत्यक्ष घनता पाण्यात बुडवून काढली. दोन्हींतला फरक म्हणजे हवा.

आमच्या शीटमध्ये ५ टक्क्यांच्या जरा वर, कामगाराच्या शीटमध्ये अडीचच्या आसपास. विमानाच्या भागांना साधारण १ टक्क्यापर्यंतच चालते. जड (Judd) आणि राइट (Wright) या संशोधकांचा १९७८ चा आढावा सांगतो की हवा दर १ टक्क्यानं वाढली की थराथरांमधली कातर-ताकद (थर एकमेकांवरून सरकू न देण्याची) सुमारे ७ टक्क्यांनी उतरते, तेही ४ टक्के हवेपर्यंत. आम्ही त्या हद्दीच्या बाहेरच.

१९ ऑक्टोबर

ठोकर देणारा मनोरा उभा केला. भिंतीला टेकवलेला उभा पाइप, आत २ किलोचं वजन, पुढं १६ मिलिमीटर व्यासाचं अर्धगोल नाक. हे माप प्रमाण चाचणीतलंच आहे, आपलं मनाचं नाही. तुकडा खाली १२५ बाय ७५ च्या चौकटीवर आवळून. एक मीटरवरून सोडलं तर १९.६ ज्यूल असायला हवेत. मोबाइलच्या संथ चित्रणातून वेग काढला: ४.४ च्या जागी सेकंदाला ४.२ मीटर. पाइपात घासतंय. म्हणजे साडेसतरा ज्यूल. पाइपला आतून पॉलिश मारायचं की आकडा मान्य करायचा, यावर अर्धा तास वाद. आकडा मान्य केला.

एक गफलत लिहून ठेवतो. वजन आदळून उसळतं आणि परत पडतं. पहिल्या तीन तुकड्यांना त्यामुळं दोन-दोन ठोकरी बसल्या. ते तिन्ही बाद. आता जोडीदार लाकडी पट्टी घेऊन उभा राहतो आणि उसळी आली की फळी आत सरकवतो. चुकला तर बोटं जातील, म्हणून पट्टी लांब घेतली.

११ नोव्हेंबर

दिवाळी संपवून सगळ्या ठोकरी आज उरकल्या. दोन शीटचे मिळून अठ्ठावीस तुकडे, तीन बाद, पंचवीस उरले. त्यांतले बारा कोरे ठेवले, तेरांना साडेसतरा ज्यूल.

काचतंतूची कृपा ही की ते पारदर्शक असतं. तुकडा खिडकीकडं धरा आणि मागं टॉर्च लावा. जिथं थर सुटलेत तिथं पांढरट डाग. काळ्या कार्बन फायबरमध्ये हे सुख नाही, तिथं अल्ट्रासाउंड लागतो. ठोकरीच्या बाजूला नुसता खळगा, बोटाला जेमतेम लागेल असा. मागच्या बाजूला मात्र डाग दोन रुपयाच्या नाण्याएवढा, आणि आत थरागणिक मोठा होत गेलेला, पालथ्या फुलपात्रासारखा. वरून टोक बारीक, खाली तोंड मोठं.

विमानवाल्यांना नेमकी याचीच धास्ती. मेकॅनिकच्या हातून पाना पडतो, पंखावर काही दिसत नाही, आणि आत थर सुटलेले असतात. त्यांच्या भाषेत हे 'जेमतेम दिसणारं नुकसान'. २००९ च्या अमेरिकी विमान-सुरक्षा परिपत्रकात नुकसानाचे पाच वर्ग आहेत. पहिल्याच वर्गाचा अर्थ असा की जे नेहमीच्या तपासणीत सापडणार नाही, ते अंगात घेऊनही भागानं पूर्ण रचना-भार (आराखड्यात धरलेला कमाल भार) पेलला पाहिजे. म्हणजे सापडणार नाही हे आधीच धरून चालायचं. मला हा विचार आवडला. आपल्याकडं उलटं, दिसत नाही म्हणजे नाहीच.

बोटीच्या चांदणीबद्दल आज एक उलगडा झाला. आम्ही समजत होतो ती बाहेरच्या ठोकरीची. एका तुकड्याला जेलकोट (बोटीच्या बाहेरचा चकचकीत रेझिनचा थर) लावून बघितला. जेलकोटच्या बाजूनं ठोकर दिली की खळग्याभोवती गोल भेगा येतात. मागून दिली की जेलकोटवर चांदणी उमटते. म्हणजे त्या बोटीत आतून काहीतरी जड पडलंय. जोडीदारानं नावाडी काकांना फोन लावला. पलीकडून पटकन उत्तर: "सिलिंडर! लोकांचे गॅसचे सिलिंडर काढले न्हवं का पुरात. एकजण वरनं टाकायचा."

७ डिसेंबर

वाकवायचं यंत्र झालं. खर्च आमच्या खिशातून, मोटर भंगारातली. १४४० फेऱ्यांची मोटर, पट्ट्यानं पाचपट कमी करून मिनिटाला २८८. म्हणजे तासाला १७,२८०. लाखाला पावणेसहा तास, दहा लाखाला ५८ तास. याहून जोरात पळवता आलं असतं, पण काच-पॉलिस्टरमधून उष्णता बाहेर पडत नाही, तुकडा आतून तापतो आणि मग आपण फटीग मोजतोय की मऊ पडलेलं रेझिन, ते कळत नाही. तरी पंखा लावलाय.

चार बिंदूंवर वाकवतो. तीन बिंदूंवर वाकवलं तर मधला रोलर बरोबर खळग्यावर बसतो. खाली दोन रोलर २०० मिलिमीटरवर, वर दोन १०० वर. मधल्या पट्ट्यात वाकण सगळीकडं सारखं, आणि खळगा तिथं मोकळा. विक्षेप (तुकडा वाकून किती खाली जातो ते) ८ मिलिमीटर, ताण साधारण ५० मेगापास्कल, आमच्या तुकड्यांच्या सरळ ताकदीच्या (एकदाच वाकवून तोडायला लागते तिच्या) तीस टक्के. खरी बोट एवढी वाकत नाही. पण खऱ्या बोटीएवढं वाकवलं तर आमची परीक्षा २०२७ मध्ये होईल.

एक मर्यादा. आस मध्यापासून बाजूला असलेलं (एक्सेंट्रिक) चाक फिरतंय, म्हणजे दर फेरीला विक्षेप तेवढाच, भार मात्र तुकडा मऊ पडेल तसा कमी होत जातो. तुकडा जितका खराब तितकी त्याला सूट. म्हणून 'तुटला' असं कधी होणारच नाही. भार २० टक्क्यांनी उतरला की मेला असं ठरवलं.

२३ डिसेंबर

कोरा तुकडा नंबर ४: वीस हजार फेऱ्यांतच भार नऊ टक्के उतरला, मग सपाटी. वाचलं होतं तसंच. मॅडमना फोटो पाठवला, अंगठा आला.

मोजयंत्राचा चुंबक सैल होता, एका फेरीला दोन मोजत होता. चार दिवसांचं काम निम्मं करून लिहिलं.

१८ जानेवारी २०२५

संक्रांतीच्या सुट्टीतही यंत्र चालू होतं. दोनदा वीज गेली.

निकाल निराश करणारा आहे. ठोकर खाल्लेले पाच तुकडे पाच लाखांपर्यंत नेले. कोऱ्यांच्या रेषा आणि यांच्या रेषा एकमेकींवर. ताठपणा दोन्हींचा बारा ते चौदा टक्क्यांनी उतरलेला. पांढरा डाग मार्करनं आखून ठेवला होता, तो आखलेल्या रेषेच्या बाहेर गेलेला नाही. मग आम्ही पाच महिने काय केलं? जोडीदार म्हणतो लिहून टाकू, "ठोकरीचा परिणाम नगण्य".

२५ जानेवारी

मॅडमनी बैठकीत फक्त एक प्रश्न विचारला. "खळगा वर ठेवलात की खाली?"

वर. नेहमी वर. का, तर वर दिसतो म्हणून.

वरच्या रोलरांनी दाबलं की तुकड्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. आमचे मोठे डाग सगळे खालच्या बाजूला, म्हणजे ताणात. ताणात सुटलेला थर काय करतो? काहीच नाही. दोन कागद एकमेकांवर ठेवून दोन्ही टोकांनी ओढा, चिकटवलेले असोत नसोत, सारखेच ताणले जातात. आता तेच दोन कागद टोकांकडून दाबा. सुटा कागद लगेच फुगून वर येतो.

ही गोष्ट पुस्तकात पहिल्या दहा पानांत आहे. ठोकरीनंतर विमानवाले दाबाचीच चाचणी का घेतात, तर याच कारणानं. दाबात ताकद निम्म्यावरसुद्धा येते. मी ते वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं.

८ फेब्रुवारी

खळगा खाली. तोच विक्षेप, त्याच ठोकरी.

तुकडा १७: ४१,००० फेऱ्यांना वीस टक्के. तुकडा १९: ५३,०००. पहिल्या काही हजारांत काही दिसत नव्हतं. मग टॉर्च खालून लावून बसलो तर दर फेरीला डागावरचा थर श्वास घेतल्यासारखा उचलला जात होता, मिनिटाला २८८ वेळा. डागाची कड आधी रोव्हिंगच्या दिशेनं पुढं सरकली, मग आडवी. दोन रुपयाचं नाणं संध्याकाळपर्यंत तळहाताएवढं झालं. जेवायला गेलो नाही.

विक्षेप ५ मिलिमीटरवर आणून तुकडा २१ लावला. त्याचा डाग दोन लाखांतही हलला नाही. म्हणजे इथं एक उंबरा आहे. त्याच्या खाली सुटलेला थर सुटलेलाच राहतो, पसरत नाही. विमानवाले 'वाढ नाही' हे तत्त्व धरून भाग मंजूर करतात, ते या उंबऱ्याच्या भरवशावर. ठोकरीनं सरळ ताकद आधीच खूप पडते, पण त्यानंतर फटीगनं आणखी पडणं मात्र कोऱ्या तुकड्यापेक्षा सौम्य असतं, असं जे वाचलं होतं, त्याचा अर्थ आज लागला. एका दणक्यातच बरंचसं देऊन झालेलं असतं.

११ फेब्रुवारी

आता बोटीकडं बघायची रीतच बदलली. वहीत आकृती काढली.

बोटीच्या तळाला आतून आडव्या फ्रेम असतात. दोन फ्रेमच्या मधे तळाचा पत्रा, बाहेरून पाणी वर ढकलतंय. मधोमध पत्रा आत फुगतो: बाहेरची बाजू दाबात, आतली ताणात. पण फ्रेमच्या कडेला उलट, बाहेरची ताणात आणि आतली दाबात. आणि घट्ट बसवलेल्या पट्टीच्या हिशोबात कडेचं वाकण मधल्याच्या दुप्पट असतं.

बाहेरून खुंट लागला किंवा बुडालेली ऊसाची ट्रॉली लागली तर मोठा डाग आतल्या बाजूला. तो पत्र्याच्या मधोमध असेल तर ताणात, म्हणजे आमचे जानेवारीचे तुकडे. तो फ्रेमला लागून असेल तर दाबात, तेही दुप्पट, म्हणजे तुकडा १७. एकच खळगा, एकच ठोकर, चार इंच इकडं की तिकडं यावर सगळं.

अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडून हसले. "आवं, तीस वर्षं बघतोय, बोट फाटती ती फ्रेमच्या कडेलाच. मला वाटायचं तिथं आमचंच काम कच्चं ऱ्हातंय."

१ मार्च

सगळं जुळत आलंय असं वाटतानाच तुकडा ७.

कोरा. ठोकर नाही, काही नाही. आमच्या हातच्या पहिल्या शीटमधला. ६८,००० ला वीस टक्के. तर कामगाराच्या शीटमधला ठोकर खाल्लेला, खळगा वर असलेला १५ नंबर साडेपाच लाखांवर अजून उभा.

आधी कडेवर संशय घेतला. ग्राइंडरनं कापलेल्या कडा खडबडीत असतात, तिथून भेग सुरू होते; पण सातच्या कडा आम्ही पॉलिश पेपरनं घासून रेझिननं बंद केल्या होत्या. मग तो मधोमध कापला, पाण्याच्या पेपरवर घासत गेलो, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रोव्हिंगच्या खाली, वरून दुसऱ्या थराला, बुडबुड्यांची एक अख्खी ओळ. मण्यांच्या माळेसारखी, तुकड्याच्या आरपार. रोलर तिथं फिरलाच नव्हता. ठोकर न देता आम्ही थर सोडवून ठेवले होते.

ती माझी बाजू होती. मी त्या दिवशी काचेच्या डावीकडं उभा होतो.

पहिल्या शीटच्या बाकी तुकड्यांचे आकडेही आता वेगळे दिसतात. त्यांच्यात आपसांतलाच फरक इतका आहे की ठोकर दिली न दिली ओळखू येत नाही. सरासरी हवा ५ टक्के या आकड्याला फारसा अर्थ नाही. ती विखुरलेली आहे की एका ओळीत बसलीय, हे भट्टी सांगत नाही.

१५ मार्च

दोन तुकडे महिनाभर बादलीत बुडवून ठेवले होते. एकाच्या डागात पाणी शिरलंय, कडा दुधाळ झाल्यात. दोन तुकड्यांवर काही म्हणणं बरं नाही. अहवालात एक ओळ.

पाडव्याच्या आत आलेख द्या, असं मॅडम.

५ एप्रिल

बोट बघायला अखेर वेळ मिळाला. नावाडी काका, अण्णा, आम्ही दोघं. एक रुपयाचं नाणं आणि खडू.

जोडीदार मिरजेचा. त्याच्या गल्लीत सतारीची दुकानं, लहानपणापासून भोपळ्यावर टिचक्या मारणारी माणसं बघितलेली. मी नाणं वाजवत होतो आणि तो डोळे मिटून सांगत होता. चांगला तळ 'टण' करतो, सुटलेला 'थप'. माझ्या कानाला पहिली दहा मिनिटं सगळं सारखंच.

चांदणीपाशी, जिथं सगळ्यांचं बोट जात होतं, तिथं आवाज थोडाच बसका. डाग लहान, दोन फ्रेमच्या मधोमध. आणि ही ठोकर आतून बसलेली, म्हणजे मोठा डाग बाहेरच्या बाजूला. तो पाण्यामुळं दाबात येतो. म्हणून त्यालाही सोडायचं नाही, पण तिथं वाकण निम्मं.

तिसऱ्या फ्रेमच्या पुढच्या कडेला मात्र हातभर लांबीचा 'थप'. बाहेरून ओरखड्यापलीकडं काही नाही, खळगासुद्धा बोटाला लागत नाही. आतून त्यावर बसायची फळी ठोकलेली. फळी काढली, ग्राइंडर लावला, आतला मॅटचा थर सालीसारखा निघून आला. खालचं रोव्हिंग कोरडं, धुळीनं आणि नदीच्या गाळानं मळलेलं. म्हणजे हे कालपरवाचं नाही, दोनतरी पुरांचं पाणी त्यातून गेलंय.

काकांनी हात फिरवला आणि म्हणाले, "याच फळीवर बायका-पोरं बसवायचो."

१२ एप्रिल

दुरुस्ती. अण्णांची नेहमीची पद्धत म्हणजे पुट्टी भरून वरून दोन मॅट. मॅडमचा आग्रह उताराचा: जाडीच्या बारापट लांब उतार घासायचा, म्हणजे पाच मिलिमीटरला चारी बाजूंनी साठ. छोट्या ठोकरीला एवढं मोठं भगदाड बघून काका घाबरले. पण सरळ कडेवर नवी पट्टी चिकटवली तर जुन्या-नव्याच्या सांध्यावरच सगळा ताण एकवटतो आणि आपणच नवा दोष करून ठेवतो. घासलं, अॅसिटोननं पुसलं, कोरडं होऊ दिलं. मॅटचा मोठा तुकडा आधी की छोटा आधी यावर अण्णा आणि मॅडम फोनवर पाऊण तास. शेवटी अण्णांचं झालं, मोठा आधी.

सकाळी साडेसहाला सुरू केलं, रेझिन दुपारी दही होऊ नये म्हणून. रोलर मी फिरवला. कामगार शेजारी उभा होता. दोनदा हात धरून परत फिरवायला लावला.

१९ एप्रिल

नाण्यानं परत वाजवलं. तिसऱ्या फ्रेमला आता 'टण', शेजारच्यापेक्षा जरा जाड आवाजाचा, कारण तिथं एक थर जास्त झालाय. चांदणीवरही उतार घासून भरलं. काकांना खडूचा नकाशा एका कागदावर उतरवून दिला, फ्रेमचे नंबर घालून. पूर ओसरला की दरवर्षी त्याच जागी वाजवायचं, आणि सिलिंडर वरून टाकायचे नाहीत. ते म्हणाले, "टाकणारा ऐकंल तर."

अहवाल परवा द्यायचाय. तुकडा १५ यंत्रावरून उतरवायला मन होत नाही. मोजयंत्रावर आज सकाळी नऊ लाख बारा हजार होते. वर्कशॉपच्या सरांनी मेमध्ये कुलूप लागेपर्यंत तो चालू ठेवायला परवानगी दिलीय, पंख्याचं बिल कोण भरणार एवढंच विचारलं.